नागपूरची घटना आणि सत्तारूढ काँग्रेस

1885 च्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत 72 प्रतिनिधींच्या उपस्थितीत जन्मास आलेली राष्ट्रीय सभा दीर्घकाळ बव्हंशी वकील-संपादकांची व इंग्रजी भाषणांची सभा होती; तिला रयतेच्या दारी नेले ते 1920 साली नागपुरास संमत झालेल्या घटनेने. चार आणे वर्गणी भरून ध्येय मान्य करणारा कोणीही प्रौढ सभासद होऊ शकेल, हे तिचे एक कलम. आणि इंग्रजांनी कारभाराच्या सोयीने आखलेले इलाखे न मानता काँग्रेसचे प्रांत भाषावार असतील, हे दुसरे. सरकारने मुंबई इलाख्यात मराठी, गुजराती, कानडी आणि सिंधी मुलूख एकाच दप्तरात बांधले असताना काँग्रेसच्या दप्तरी महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, सिंध हे स्वतंत्र प्रांत नांदत होते. 1936 साली पूर्व खानदेशातील फैजपुरासारख्या खेड्यात, नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावठी साहित्याने सजविलेल्या मंडपांत, अखिल भारतीय अधिवेशन भरू शकले, ते याच रचनेचे फळ होय.

पुढे सत्ता आली, आणि स्वभाषेतून जागृत केलेल्या जनतेची स्वभाषिक राज्याची मागणी काँग्रेसश्रेष्ठींना राष्ट्रविघातक वाटू लागली. फाळणीच्या रक्तपाताने त्यांचे मन धास्तावले होते आणि ती धास्ती प्रामाणिक होती, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि 1949 साली जवाहरलाल, वल्लभभाई व पट्टाभी यांच्या समितीने हा प्रश्न लांबणीवर टाकण्याची शिफारस केली, आणि तीवर आंध्र प्रांताच्या जुन्या पुरस्कर्त्या पट्टाभींचीही स्वाक्षरी असावी, याचा विषाद वाटल्यावाचून राहात नाही. ज्यांनी मोतीलाल नेहरूंच्या 1928 च्या अहवालात भाषावार प्रांतांचे हेच तत्त्व उचलून धरले, त्यांच्याच राजवटीत, स्वभाषिक राज्य मागणाऱ्यांवर झालेल्या 1955–56 च्या गोळीबारांत, मुंबईच्या रस्त्यांवर मराठी माणसे पडली. चिंतामणराव देशमुखांनी मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. पक्षात जन्म काढलेल्या कित्येकांना मात्र जागा सोडवली नाही.

1 नोव्हेंबर 1956 रोजी द्विभाषिक मुंबई राज्य लादले गेले. मराठी आणि गुजराती जनतेने एकाच सचिवालयाखाली सुखाने राहावे, असा उपदेश त्या काळी अहोरात्र चालला होता. आणि तो करणाऱ्या पक्षाच्या महाराष्ट्र, मुंबई व गुजरात या प्रदेश कमिट्या, नागपूरच्या घटनेबरहुकूम, वेगवेगळ्याच राहिल्या होत्या.