गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया: सर्जन फिल्ममध्ये काय शोधतात?

कबड्डीत चढाई करताना अंग वळते, पाय मात्र जागीच अडकतो. आत ‘कट्’ असा आवाज होतो आणि काही तासांत गुडघा सुजतो. एसीएल, म्हणजे गुडघ्यातले पुढचे लिगामेंट, बहुधा असेच तुटते. एमआरआयच्या रिपोर्टात ‘पूर्ण तुटले’ असे आले की घरच्यांना वाटते, तपासणी झाली. सर्जनला त्याच फिल्ममधून आणखी बरेच काही हवे असते.

आधी हाताची तपासणी

एमआरआय करताना रुग्ण निजलेला आणि गुडघा स्थिर असतो. त्यामुळे तुटलेले लिगामेंट दिसते, पण सांधा किती ढिला झाला हे कळत नाही. त्यासाठी लॅकमन चाचणी असते: गुडघा 20 ते 30 अंशांत वाकवून नडगी पुढे ओढून पाहायची. हात आणि फिल्म यांचे जुळले नाही, तर पुन्हा तपासायला हवे.

साधा एक्स-रे

नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूने हाडाचा छोटा टवका निघालेला दिसला, तर एसीएल तुटल्याची शक्यता मोठी. पॉल सेगाँ या फ्रेंच सर्जनने 1879 मध्ये या टवक्याचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर नडगीच्या माथ्याचा मागे जाणारा उतार मोजतात. तो सुमारे 12 अंशांहून जास्त असेल, तर शस्त्रक्रियेत बसवलेल्या नव्या लिगामेंटवर ताण वाढतो. पाय बाहेर वाकलेला वाटल्यास उभे राहून पूर्ण पायाचा एक्स-रे काढतात. वाढत्या वयाच्या मुलांत हाडांच्या वाढीची पट्टी अजून उघडी आहे का, हे पाहूनच नव्या लिगामेंटसाठी हाडात पाडायच्या बोगद्यांची पद्धत ठरते.

एमआरआय

शाबूत एसीएल काळसर, ताणलेल्या पट्ट्यासारखे दिसते. तुटलेले फुगीर, विस्कटलेले. आदळल्याने हाडाला बसलेला मुका मार काही खास प्रतिमांत पांढरट डागासारखा उमटतो. याशिवाय सांध्यातल्या गाद्या (मेनिस्कस) फाटल्या आहेत का, बाजूची लिगामेंट्स शाबूत आहेत का, हेही पाहतात. गादी शिवावी लागणार असेल, तर शस्त्रक्रियेचा वेळ, लागणारे साहित्य आणि नंतर पायावर भार कधी द्यायचा, हे सगळे बदलते. आतल्या गादीच्या मागच्या कडेची चीर एमआरआयमध्ये निसटू शकते; म्हणून शस्त्रक्रियेत दुर्बीण आत गेल्यावर ती जागा मुद्दाम पाहतात.

नवे लिगामेंट कशाचे?

बहुतेकदा रुग्णाचाच टेंडन वापरतात: मांडीच्या मागचा, वाटीखालचा किंवा वाटीवरचा. मांडीमागचे टेंडन दुमडून केलेला ग्राफ्ट 8 मिलिमीटरपेक्षा बारीक झाला, तर तो पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. एमआरआयवर या टेंडनची जाडी मोजता येते. त्यामुळे बारीक टेंडनचा अंदाज आधीच येतो आणि दुसरा पर्याय ठरवून ठेवता येतो.

बोगद्याची जागा

ग्राफ्ट बसवायला मांडीच्या हाडात आणि नडगीत बोगदे पाडतात. मांडीतला बोगदा फार पुढे गेला, तर गुडघा वाकवताना ग्राफ्ट नको तितका ताणतो; नडगीतला पुढे गेला, तर पाय सरळ करताना ग्राफ्ट वरच्या हाडाला घासतो. बाजूच्या एक्स-रेवर चौकट आखून मूळ लिगामेंटची जागा ठरवता येते. आधीची शस्त्रक्रिया फसली असेल, तर सीटी स्कॅनवर जुन्या बोगद्यांची जागा आणि रुंदी मोजतात. ते फार रुंदावले असतील, तर आधी हाड भरून काही महिन्यांनी नवे लिगामेंट बसवावे लागते.

रुग्णाने काय करावे?

सर्जनकडे नुसता रिपोर्ट नको; एमआरआयच्या प्रतिमांची सीडी, सर्व एक्स-रे आणि जुन्या शस्त्रक्रियेचे कागद न्या. शरीरात पेसमेकर किंवा धातू असेल, तर एमआरआयआधीच सांगा. एमआरआय झाल्यावर गुडघा पुन्हा लचकला असेल, तर तेही न विसरता सांगा. त्या लचकीत गादी नव्याने फाटलेली असू शकते आणि जुन्या फिल्मवर आखलेला बेत बदलावा लागू शकतो.