नाव सांगा, काम सांगा, गरज सांगा

होमब्रू कॉम्प्युटर क्लबचं सभासद व्हायला अर्ज भरावा लागत नसे. प्रवेश फी नव्हती, ठरलेली वर्गणी नव्हती, कुणाची शिफारस लागत नव्हती आणि परीक्षा तर नव्हतीच. सभेला यायचं, यादीत नाव-पत्ता लिहायचा, आपण काय करतोय ते सांगायचं, एवढंच. क्लबचं बातमीपत्र मग घरी येऊ लागे. छपाई आणि टपालासाठी ज्याला जमेल त्याने जमेल तेवढे पैसे द्यावेत. कॅलिफोर्नियात 1975 साली सुरू झालेल्या या क्लबातून पुढे अ‍ॅपलसह कितीतरी कंपन्या निघाल्या. पण मला या क्लबचं खरं मोठेपण त्याच्या सभासदत्वाच्या रीतीत दिसतं.

या रीतीमागे एक अडचण होती. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या जानेवारी 1975च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर 8800’ झळकला. अल्बुकर्कीच्या एमआयटीएस कंपनीचा हा संगणक सुट्या भागांच्या रूपात सुमारे 400 डॉलरला मिळे, जोडायचा आपण. आत इंटेलचा 8080 प्रोसेसर आणि मूळ संचात मेमरी 256 बाइट. कीबोर्ड नाही, पडदा नाही. पुढच्या पट्टीवरचे खटके वरखाली करून एकेक आकडा भरायचा आणि उत्तर लुकलुकणाऱ्या दिव्यांतून वाचायचं. संगणक म्हणजे बँकांच्या आणि विद्यापीठांच्या बंद खोल्यांतली वस्तू, असं असताना तो घरच्या टेबलावर येणार होता. पण डाग देताना एखादा सांधा चुकला, तर विचारायचं कुणाला? पैसे भरलेला प्रत्येक जण आपापल्या घरी एकटा होता.

मेन्लो पार्कमध्ये राहणाऱ्या फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच यांना हे एकटेपण दिसलं. मूर मूळचा चळवळीतला माणूस. 1959 साली सक्तीच्या लष्करी शिक्षणाविरुद्ध बर्कली विद्यापीठाच्या पायऱ्यांवर त्याने उपोषण केलं होतं. फ्रेंच इंजिनिअर. दोघांनी एक पत्रक काढून ठिकठिकाणी लावलं: तुम्ही स्वतःचा संगणक बनवताय का, मग या, आपल्यासारखे आणखी लोक भेटतील. 5 मार्च 1975च्या पावसाळी बुधवारी फ्रेंचच्या गॅरेजमध्ये 32 जण जमले. त्यांतल्या काहींनी आधीच कसला ना कसला संगणक घरी बांधला होता, काही अल्टेअरची वाट पाहत होते.

मूरचं मोल त्या संध्याकाळनंतर कळतं. कुणाकडे काय आहे, कुणाला कशात गती आहे, कुणाला काय हवंय हे त्याने टिपलं आणि नाव-पत्त्यांसह बातमीपत्रात छापलं. टर्मिनल पडून असलेल्याला ते हवं असलेला सापडू लागला. सभासदत्व म्हणजे या यादीत असणं. लोकांना एकमेकांपर्यंत पोहोचवलं की पुढचं ते बघून घेतात, हा मूरने चळवळीत काढलेल्या वर्षांचा धडा असावा, असं मला वाटतं.

गॅरेज लवकरच अपुरं पडलं आणि क्लब स्टॅनफर्डच्या रेषीय प्रवेगक केंद्राच्या सभागृहात गेला. पंधरवड्यातून एकदा, बुधवारी, तिथे माणसांची दाटी होई. संख्या शेकड्यांत गेली. सूत्रसंचालन ली फेल्सेन्स्टाइनकडे आलं आणि त्याने सभेचे दोन भाग पाडले. पहिला ‘मॅपिंग’. हातात लांब काठी घेऊन तो एकेकाकडे निर्देश करी. ज्याच्याकडे काठी वळली त्याने उठून थोडक्यात सांगायचं: मी हे बनवतोय, इथे अडलोय, माझ्याकडे हे जास्तीचं आहे. चर्चा तिथे करायची नाही. कोण कुठे बसलाय आणि कशात मुरलाय याचा नकाशा सगळ्यांच्या डोक्यात तयार झाला की दुसरा भाग, ‘रँडम अ‍ॅक्सेस’. मग खुर्च्या सोडून जो तो आपल्या कामाच्या माणसाकडे जाई आणि सभागृहाचा आठवडी बाजार होई. कुणी सर्किटचे आराखडे पसरी, कुणी चिपांची अदलाबदल करी. त्यानंतरही ज्यांची भूक भागत नसे ते ओअ‍ॅसिस नावाच्या खाणावळीत जाऊन बोलत बसत. सभा चालवण्याची इतकी साधी आणि इतकी उपयोगी पद्धत मला दुसरी माहीत नाही. अबोल माणसालाही तिथे एकदा तरी बोलावं लागे, आणि बोलक्याला थांबावं लागे.

एप्रिल 1975च्या एका सभेत स्टीव्ह डॉम्पियर आपला अल्टेअर घेऊन आला. खटक्यांनी प्रोग्रॅम भरला, शेजारी एक रेडिओ ठेवला आणि त्यातून बीटल्सच्या ‘फूल ऑन द हिल’ची धून निघाली. संगणकाच्या विद्युतलहरी रेडिओत व्यत्यय आणतात, हे त्याला अपघातानेच कळलं होतं. त्या व्यत्ययालाच त्याने सुरात बसवलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि ही युक्ती लवकरच इतरांच्या हाती गेली.

या गर्दीत भारतात वाढलेला एक माणूसही असे. अ‍ॅडम ऑस्बॉर्न बँकॉकला जन्मला, पण बालपण तमिळनाडूत गेलं. वडील रमण महर्षींचे भक्त. क्लबच्या सभांना तो मायक्रोकॉम्प्युटरवरची स्वतःची पुस्तकं खोक्यात घेऊन येई आणि तिथेच विकी. पुढे 1981 साली त्याने बाजारात आणलेल्या ‘ऑस्बॉर्न 1’ या सुमारे 11 किलोच्या उचलून नेता येणाऱ्या संगणकाची रचना फेल्सेन्स्टाइननेच केली. ऑस्बॉर्नचा मृत्यू 2003 मध्ये कोडईकनालला झाला.

ह्यूलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करणारा लाजाळू स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक पहिल्याच सभेला होता. तिथे हाती आलेल्या मायक्रोप्रोसेसरच्या माहितीपत्रकावरून त्याच्या डोक्यात ‘अ‍ॅपल 1’ची कल्पना आली. त्याने क्लबात काय केलं? आराखड्याच्या प्रती फुकट वाटल्या. काहींच्या घरी जाऊन जोडायला मदतही केली. तोच बोर्ड नंतर 666.66 डॉलरला विकला गेला, तेव्हा त्याच्या मित्राने, स्टीव्ह जॉब्झने, विक्रीची बाजू उचलली होती.

वाटून घेण्याच्या या सवयीवरून वाद झाला तो अल्टेअर बेसिक या अल्टेअरसाठीच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या निमित्ताने. बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांच्या या प्रोग्रॅमची कागदी टेप एका प्रदर्शनातून कुणीतरी उचलली. डॅन सोकोलने तिच्या प्रती काढून सभेत वाटल्या आणि एक नेली त्याने पुढच्या वेळी दोन आणायच्या, असा रिवाज पडला. 3 फेब्रुवारी 1976 रोजी 20 वर्षांच्या गेट्सने छंदिष्टांना खुलं पत्र लिहिलं आणि त्यांतल्या बहुतेकांना चोर ठरवलं. त्याचा मुद्दा खोटा नव्हता. प्रोग्रॅम लिहायला कष्ट पडतात. पण क्लबच्या परिवारातून मिळालेलं उत्तर मला जास्त पटतं. टॉम पिटमनने ‘टायनी बेसिक’ लिहून 5 डॉलरला विकायला काढलं. एवढ्या किमतीत नक्कल करण्यापेक्षा विकत घेणं सोपं होतं आणि लोकांनी ते घेतलं.

क्लबात उणीवही होती. दार सगळ्यांना उघडं होतं, तरी आत जवळपास सगळे पुरुषच असत. नुसतं दार उघडं ठेवून कुणी येत नाही. बोलावून आणावं लागतं, हे या क्लबाला जमलं नाही. कंपन्या निघत गेल्या तशी गुपितंही वाढली. आपल्या यंत्राचा आराखडा सगळ्यांसमोर मांडणं व्यापाऱ्याला परवडत नाही. डिसेंबर 1986 मध्ये क्लबच्या सभा थांबल्या.

तुमच्या गावात, कॉलेजात किंवा वाचनालयाच्या वरच्या खोलीत असा गट सुरू करायचा असेल, तर घटना आणि वर्गणीचे दर ठरवण्याआधी एक वही ठेवा. येणाऱ्याने तीन गोष्टी लिहाव्यात: मी काय करतोय, मला काय येतं, मला काय हवंय. ती वही प्रत्येक सभेत मोठ्याने वाचा, आणि गावातल्या मुलींना पहिल्या सभेचं आमंत्रण स्वतः जाऊन द्या.