उचलून आणलेले शहर

डेन्मार्कमधल्या ऑर्हूस शहरात ‘डेन गाम्ले ब्यू’, म्हणजे ‘जुने शहर’, नावाचे खुल्या आवारातले संग्रहालय आहे. फरसबंद गल्ल्या, किंचित कललेल्या भिंती, दुकानांच्या पाट्या, सारे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच असावे असे वाटते. प्रत्यक्षात यातले जवळजवळ एकही घर मूळचे त्या जागेवरचे नाही. वीसहून अधिक गावांतली सुमारे 75 घरे उतरवून इथे आणली आणि पुन्हा उभारली. सुरुवात एका वाड्यापासून झाली. 1597 मध्ये बांधलेला ‘महापौरांचा वाडा’ पाडला जाणार होता. पीटर होल्म या शिक्षक-भाषांतरकाराने तो वाचवण्याचा ध्यास घेतला, 1909 च्या प्रदर्शनात तो मांडला गेला आणि 1914 मध्ये वनस्पती उद्यानात कायमचा उभा राहिला. पुढचा इतिहास माहितीपत्रकांत मिळतो. त्यांच्यात न मिळणारा प्रश्न असा, की कधीच अस्तित्वात नसलेल्या या शहराला जुने म्हणावे कशाच्या बळावर?

याचे उत्तर सुतारकामात आहे. उत्तर युरोपातले असे जुने घर म्हणजे ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा आणि मधल्या चौकोनांत विटा किंवा कुडाचा भराव. एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत बसवायची आणि दोहोंतून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. जोड लोखंडी खिळ्यावर अवलंबून नसतो. सुतार हा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवून पाही, प्रत्येक तुकड्यावर छिन्नीने उभ्या-तिरप्या रेघांची खूण कोरी, मग तो सोडवून जागेवर उभा करी. म्हणजे घर उभे राहण्याआधीच एकदा जुळले आणि सुटलेही होते. खुंटी उलटी ठोकली की कूस मोकळी होते, आणि कुठला तुकडा कुठे जायचा हे जुन्या सुताराने लिहूनच ठेवलेले असते. कोपनहेगनमधला 1683 चा टांकसाळप्रमुखाचा वाडा 1940 च्या दशकात उतरवला गेला, कित्येक दशके सुट्या भागांत पडून राहिला, आणि 2009 मध्ये त्याची उभारणी पूर्ण झाली. चुन्यात चिणलेल्या दगडी इमारतीला हे इतके सहज सोसले नसते.

यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. वास्तू तिच्या परिसरापासून वेगळी करता येत नाही, असे 1964 ची व्हेनिस सनद बजावते. जतनासाठी गरजच असेल किंवा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय पातळीवरचे अत्यंत महत्त्वाचे हित असेल, तरच हलवण्याला ती मुभा देते. खरेच आहे. हेल्सिंगॉरचे 1817 चे नाट्यगृह इथे आणल्यावर आसने आणि रंगमंच मिळाले, पण ते ज्या गल्लीत भरत असे ती गल्ली मिळाली नाही. घरासोबत शेजार येत नाही. मात्र यातल्या बऱ्याच घरांपुढे मूळ जागा आणि नवी जागा असा पर्यायच नव्हता. पर्याय होता तो नवी जागा किंवा जळाऊ लाकूड. शिवाय जमिनीलगतची तुळई ओलीने कुजते, ती बदलावीच लागते. घर मूळ जागी राहिले असते, तरी तेवढे लाकूड नवेच झाले असते.

खरी अडचण संग्रहालयाने स्वतः ओढवून घेतली आहे, आणि त्याबद्दल त्याचे कौतुकच करायला हवे. एकोणिसाव्या शतकापाशी न थांबता त्याने 1927 आणि 1974 चे भाग उभारले. 1974 च्या भागात तुर्की कामगारांचे बिऱ्हाडही आहे; नुसते सुखवस्तू व्यापाऱ्यांचे वाडे जपण्यापेक्षा हे शतपटीने प्रामाणिक. पण सिमेंटात बांधलेली भिंत खुंटी काढून सुटत नाही. ती फोडावी लागते, आणि फोडलेली भिंत पुन्हा तीच होत नाही. त्यामुळे काळ जितका अलीकडचा, तितका जुना ऐवज भिंतींकडून सामानाकडे सरकतो: सोफा, रेडिओ, स्वयंपाकघरातली कपाटे. सामान अस्सल असले तरी त्यामुळे घर अस्सल ठरत नाही. ओकच्या सांगाड्याने मिळवलेला विश्वास सिमेंटच्या घरांना आपोआप लागू करणे मला पटत नाही. तिथे जाणाऱ्याने प्रत्येक दारात एवढे विचारावे: यातले आणलेले किती आणि नव्याने घडवलेले किती?