शाळा उघडण्याआधी कोणाला विचारायचं?

बसमध्ये असाल, लोकलमध्ये लटकत असाल, नाहीतर जेवण झाल्यावर भांडी घासता घासता ऐकत असाल, तुमचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ तेवढे गाळले आहेत, बाकी जसं बोलले तसंच आहे.

मागे एका श्रोत्याचा मेसेज आला होता. तो सध्या डी.एल.एड. करतोय. त्याने विचारलं, “ताई, कोरोनात शाळा इतके दिवस बंद होत्या. त्या उघडताना शिक्षकांनी नेमकी काय तयारी केली? आम्हाला हे कुठे शिकवतच नाहीत.” प्रश्न एकदम बरोबर आहे. शाळा बंद कशा झाल्या ते सगळ्यांना आठवतं. त्या उघडल्या कशा, हे फारसं कोणी सांगत नाही. तर आज तेच सांगते.

मी २०१९ साली शिक्षणसेवक म्हणून जिल्हा परिषदेच्या एका शाळेत लागले. पहिली ते चौथी, पट ७१, शिक्षक तीन. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, गुरुजी आणि मी. गावाचं नाव सांगणार नाही, कारण या गोष्टीत आमच्या चुका आहेत आणि एक लहान मुलगाही आहे.

आधी तारखा समजून घेऊ

मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावीचे वर्ग काही ठिकाणी सुरू झाले. २७ जानेवारी २०२१ ला मुंबईबाहेर पाचवी ते आठवीचे सुरू झाले. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे आणि शहरात आठवीपासून पुढचे वर्ग उघडले. पहिली ते चौथीचा नंबर लागला १ डिसेंबर २०२१ ला. मुंबई-पुण्यात तर त्यानंतरही दोनेक आठवडे थांबावं लागलं.

म्हणजे सगळ्यात लहान मुलं सगळ्यात शेवटी आली. आता साधा हिशोब करा. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल डिसेंबर २०२१ मध्ये दुसरीत होतं, आणि दुसरीचंही अर्धं वर्ष संपत आलं होतं. त्याने वर्ग आतून पाहिलाच नव्हता. हजेरीला ‘उपस्थित’ म्हणायचं असतं, घंटा झाली की बाहेर जायचं असतं, शू लागली तर हात वर करायचा असतं, यातलं काहीच त्याला माहीत नव्हतं.

आणि माझंही काही वेगळं नव्हतं. वर्गात शिकवल्याचा माझा अनुभव सात महिन्यांचा. मोबाईलवर अभ्यास पाठवल्याचा वीस महिन्यांचा.

पहिली तयारी: वस्तूंची

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही तिघं कार्यालयात बसलो आणि यादी केली. वर्गखोल्यांवर एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी. तापमापक, ऑक्सिमीटर, साबण, सॅनिटायझर. फरशीवर सहा-सहा फुटांवर खडूने गोल. पालकांची संमतीपत्रं. एका दिवशी पहिली-दुसरी, दुसऱ्या दिवशी तिसरी-चौथी. शाळा फक्त तीन तास.

यादीत चूक काही नव्हती. सगळ्या गोष्टींवर टिक झाली. रंगरंगोटी केली, दाराला आंब्याची पानं लावली. मला वाटलं, झाली की तयारी!

आम्ही ही बैठक घेत होतो तेव्हा पोषण आहार शिजवणाऱ्या आमच्या मावशी बाहेर व्हरांड्यात तांदूळ मोजत होत्या. गरम जेवण तेव्हा बंद होतं. मुलांना कोरडा शिधा घरी जायचा. त्या आत चहा देऊन गेल्या. त्यांना बस म्हणावं, असं आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही.

पहिला दिवस

पहिली-दुसरीची मिळून ३४ मुलं पटावर. आली २६. चौघं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती, दोघं मामाच्या गावाला होती आणि दोघांच्या घरच्यांनी संमती दिली नव्हती.

पहिला गोंधळ हात धुताना झाला. चालू नळ एकच. नीट वीस सेकंद हात धुवायचे, त्यात बाही वर करणं आणि साबण शोधणं धरलं की एका मुलाला चाळीस सेकंद लागतात. २६ मुलांना झाली सतरा मिनिटं. सहा वर्षांचं मूल सतरा मिनिटं सहा फुटांवर उभं राहील का? सगळी पोरं नळापाशी एकमेकांना चिकटून उभी. आमचे खडूचे गोल आत वर्गात रिकामे.

दुसरी चूक पूर्णपणे माझी. मी दुसरीचं पुस्तक उघडलं. व्हॉट्सॲपवर रोज सुंदर अक्षरातले गृहपाठाचे फोटो यायचे, त्यामुळे माझी खात्री होती की मुलं बऱ्यापैकी तयार आहेत. अर्ध्या तासात कळलं, ती सुंदर अक्षरं मोठ्या बहिणीची होती.

आणि तिसरी गोष्ट. दुसरीतला एक मुलगा फाटकापर्यंत आला आणि तिथेच थांबला. आजी हात धरून ओढत होती, तो फाटकाची सळई सोडत नव्हता. रडत नव्हता, बोलतही नव्हता. मी त्याला चॉकलेट दाखवलं. गुरुजींनी चेंडू दाखवला. शेवटी मी जरा वैतागून म्हणाले, “असं केलं तर नाव कमी करीन हं!” आजही ते वाक्य आठवलं की मला लाज वाटते.

मुलं गेल्यावर मावशी माझ्याजवळ आल्या. “बाई, त्याला त्या कडंच्या खोलीत नका बसवू. मे महिन्यात त्याचा आजा तिथंच होता. तिथनंच गाडीत घातला, परत आला न्हाई. हे पोरगं रोज आजीसंगं डबा घिऊन फाटकापाशी उभं ऱ्हायचं.”

दुसऱ्या लाटेत आमची शाळा गावाचा विलगीकरण कक्ष होती. हे मला माहीत होतं. खोल्या त्यासाठीच तर आम्ही फवारल्या होत्या. पण त्या खोलीत कोण होतं, हे विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. मी मावशींना म्हटलं, “मग आधी का नाही सांगितलंत?”

त्या म्हणाल्या, “मला कुणी इचारलं?”

दुसरी तयारी: माणसांची

त्याच शनिवारी मोठ्या बाईंनी दुसरी बैठक बोलावली. या वेळी दोन्ही मावशी, अंगणवाडीच्या ताई, आशाताई, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आणि दोन आया. खरं तर ही काही मेहरबानी नव्हती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात असं आहेच. पण कागदावरची समिती आणि सतरंजीवर बसलेली समिती यात फरक असतो.

त्या बैठकीत आम्ही चार गोष्टी ठरवल्या. उद्या पुरामुळे, एखाद्या साथीमुळे किंवा आणखी कशामुळे तुमची शाळा महिना-दोन महिने बंद राहिली, तरी या चार गोष्टी उपयोगी पडतील.

पहिली, प्रत्येक मुलाची घरची खबर. पट समोर ठेवला आणि एकेक नाव वाचलं. घरात कोण गेलं, कोणाचं काम सुटलं, कोण स्थलांतरित झालं. माहिती आशाताई आणि मावशींकडे होती. आमच्याकडे फक्त मोबाईल नंबर होते. ७१ नावांना दोन तास लागले. शाळा उघडण्याच्या पूर्ण तयारीतले ते सगळ्यात उपयोगी दोन तास होते. आणि एक नियमही केला. इथे ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही.

दुसरी, रंगीत तालीम. आम्ही मोठी माणसं स्वतः मुलं झालो. फाटकातून आत आलो, चपला काढल्या, हात धुतले, वर्गात बसलो. हसून हसून पुरेवाट झाली, पण कळलं की नळ पहिलीच्या मुलाच्या हातापेक्षा उंच आहे. मग समितीने तेलाचे रिकामे प्लास्टिकचे डबे आणले, त्यांना तोट्या बसवल्या आणि बुटक्या कठड्यावर ओळीने मांडले. नळ धरून पाच जागा झाल्या. तेच २६ जणांचं काम साडेतीन मिनिटांवर आलं.

तिसरी, “मूल तापलं तर काय?” याचं एकच उत्तर. हाही प्रश्न मावशींचाच. त्यांनी विचारलं, “पोर रडाय लागलं तर जवळ घ्यायचं का लांबनं बघायचं?” आम्ही तिघांनी तीन उत्तरं दिली. मग एकच ठरवलं. व्हरांड्यातली मोकळी हवेशीर जागा. एकच मोठं माणूस, मास्क लावून, मुलाच्या शेजारी. दुसऱ्याने घरी फोन करायचा. गरज पडली तर आशाताई प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतील. आणि मुलाला एकट्याला घरी पाठवायचं नाही, चारचौघांत “तुला ताप आहे” असं ओरडायचं नाही. हे कागदावर लिहून कार्यालयाच्या दारामागे चिकटवलं.

चौथी गोष्ट शिक्षकांची स्वतःची. गुरुजी पन्नाशीच्या पुढचे, मधुमेह असलेले. पहिल्या लाटेत त्यांनी तपासणी नाक्यावर ड्युटी केली होती आणि दुसऱ्या लाटेत त्यांचा भाऊ गेला होता. दोन्ही डोस झाले होते, पण बंद खोलीत बसायची त्यांना भीती वाटायची. वीस महिने आम्ही त्यांना “गुरुजी, काही होत नाही” एवढंच म्हणत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, “कुठे बसवलं तर तुम्हाला बरं वाटेल?” ते म्हणाले, पिंपळाखाली. तिसरी-चौथीचा वर्ग थंडीभर पिंपळाखाली भरला. घाबरलेल्या शिक्षकाला धीर द्यायला भाषण लागत नाही. त्याची जागा बदलून बघावी.

मग शिकवायचं काय?

पुस्तक मी बाजूला ठेवलं. एकेका मुलाला पाच मिनिटं शेजारी बसवून वाचायला दिलं. आधी अक्षरं, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद. आणि मग इयत्ता न बघता, जो जिथे आहे तिथून गट केले. दुसरीतली आठ मुलं पहिलीतल्यांबरोबर अक्षरांपासून सुरू झाली. राज्याचा सेतू अभ्यास जुलै २०२१ पासून होताच, ४५ दिवसांचा. आम्ही तो फोनवर ढकलत होतो. आता तो समोर बसून पुन्हा केला.

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. अझीम प्रेमजी विद्यापीठाने २०२१ च्या सुरुवातीला पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधली १६,०६७ मुलं तपासली. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण चित्र ओळखीचं होतं. ९२ टक्के मुलं आदल्या वर्षीची किमान एक भाषिक क्षमता हरवून बसली होती, गणितात हे प्रमाण ८२ टक्के. ‘असर’च्या सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के. ही २०२२ ची तिसरी म्हणजे कोण, लक्षात आलं ना? २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलीच ती मुलं.

म्हणून नव्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. “यांना काहीच येत नाही” हे वाक्य शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तोंडून निघतंच. ते गिळा. मुलाला येत नाही, कारण त्याला शाळा मिळाली नाही. दोष त्याचा नाही.

आणि तो मुलगा?

त्याला आम्ही आत ओढलं नाही. दुसरीचा वर्गच खोली सोडून व्हरांड्यात आणला, फाटक दिसेल असा. चार दिवस तो फाटकापाशी बसला. मावशी तांदूळ निवडायला त्याच्याजवळच बसायच्या. पाचव्या दिवशी तो त्यांच्याबरोबर व्हरांड्याच्या पायरीवर आला. मी त्याच्याकडे न बघता गोष्ट सांगत राहिले.

जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या. मला वाटलं, केलेलं सगळं वाया गेलं. पण या वेळी आमच्याकडे ७१ घरांची खबर होती, त्यामुळे कोणाकडे फोन करायचा आणि कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, हे माहीत होतं. २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनाच्या निर्णयाने शाळा पुन्हा सुरू व्हायला लागल्या. आमची उघडली तेव्हा नवीन यादी करावी लागली नाही. डबे ओळीने मांडले, दारामागचा कागद वाचला, मावशींना आत बोलावलं. तो मुलगा आजीचा हात सोडून स्वतः आत आला आणि थेट पायरीवर जाऊन बसला. कडेच्या खोलीत तो जूनपर्यंत गेला नाही. आम्हीही घाई केली नाही.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. सॅनिटायझरची यादी वरून येते, ती नक्की कर. पण शाळेबद्दल सगळ्यात जास्त माहिती असलेलं माणूस बहुतेक वेळा बैठकीच्या बाहेर तांदूळ मोजत असतं. त्याला आधी आत बोलव, सतरंजीवर जागा दे, आणि मग यादी कर.

आजच्यासाठी इतकंच. तुमच्या शाळेत तेव्हा काय झालं होतं, तुम्ही विद्यार्थी असाल तर तुम्हाला पहिल्या दिवशी काय वाटलं होतं, ते मला आवाजी मेसेजमध्ये जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात!