लॅबमधली भाषा, पॅनेलमधली भाषा

शिरूर-दौंडच्या बाजारपेठेतल्या कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या आठवून पाहा. आधी डॉस, फॉक्सप्रो, सी, मग जावा, आता पायथन. पाटीवर जी भाषा ठळक, तीच चांगली, असं पालक धरून चालले. गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब मांडला तर ही समजूत टिकत नाही.

१९९१ साली बोरलँड कंपनीचं टर्बो सी++ ३.० हे प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि त्याच वर्षी गिदो व्हॅन रॉसम यांनी पायथनची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. आपल्या लॅबमध्ये शिरलं ते टर्बो. जुन्यापुराण्या मशीनवरही ते चालायचं, नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हाताशी होतं, सरांना तेच येत होतं आणि प्रॅक्टिकलला तेच विचारलं जायचं. निळा पडदा, सुरुवातीला क्लिअर-स्क्रीन, शेवटी गेट-सीएच. सी++चं प्रमाणीकरण १९९८ मध्ये झालं, ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ हे जुनं हेडर कालबाह्य झालं, तरी जर्नलमध्ये तेच उतरवलं जात राहिलं. पुढे ६४ बिटच्या विंडोजवर टर्बो चालेना, तेव्हा डॉसबॉक्स टाकून ते चालवलं. डेनिस रिची यांची सी भाषा मोलाची आहेच, पण आपल्याकडे ती रुजली त्याचं श्रेय मुख्यतः अभ्यासक्रमाला आणि सवयीला जातं.

जावा हिंजवडीच्या आयटी कंपन्यांतल्या नोकरभरतीबरोबर आली. तिथे कोणती भाषा मागतात यावर इथले क्लास भरायचे.

पायथन पहिल्यापासूनच वाचायला सोपी होती, तरी वीसेक वर्षं इकडे तिला कोणी विचारलं नाही. डेटा आणि मशीन लर्निंगच्या तयार लायब्ररी तिच्याभोवती जमल्या आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये भाषांची लोकप्रियता मोजणाऱ्या टायोबीच्या क्रमवारीत ती पहिली आली. ही क्रमवारी सर्वोत्तम भाषा ठरवत नाही, असं टायोबीच सांगते. तरीही लोकप्रियतेला मी कमी लेखणार नाही. दौंडच्या पोराचा प्रोग्राम रात्री अडला आणि शेजारीपाजारी विचारायला कोणी नसलं, तर हजारोंनी वापरलेल्या भाषेतच त्याला उत्तर सापडतं. त्या आधाराची किंमत मोठी आहे.

आता रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत चला. कारखान्यातली यंत्रं पीएलसीवर, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कंट्रोलरवर चालतात आणि त्यांचे प्रोग्राम बऱ्याचदा लॅडर या चित्ररूप भाषेत असतात. दोन उभ्या रेषा, त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या. पायरीवर डावीकडे कॉन्टॅक्ट, उजवीकडे कॉइल. १९६०च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांत रिलेच्या पॅनेलांची जागा पीएलसीने घेतली, तेव्हा इलेक्ट्रिशियनला आपल्या ओळखीचं सर्किट वाचता यावं म्हणून ही रचना ठेवली गेली. लाइन थांबली की मेन्टेनन्सवाला लॅपटॉप जोडतो, कोणता कॉन्टॅक्ट जुळला नाही ते पडद्यावर बघतो आणि नेमक्या सेन्सरपाशी जातो. लोकप्रिय भाषांच्या पहिल्या दहांत लॅडर नसते. पण आपल्या कामाला ती इतकी चपखल बसते की माझ्या मते गुणवत्तेची याहून चांगली कसोटी नाही. आयटीआय झालेल्या मुलाला याच तालुक्यांत तिच्यावर काम मिळू शकतं, हे मात्र क्लासच्या पाटीवरून कळत नाही.

तेव्हा पालकहो, यंदा फी भरण्याआधी क्लासवाल्यांना दोन प्रश्न जरूर विचारा: ही भाषा शिकून माझी मुलगी किंवा मुलगा नेमकं काय बनवणार, आणि ते काम जवळपास कुठे चालतं?