प्रभात रोडवरची सावली आली कुठून आणि ती आता का कमी होतेय?

मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता लक्ष्मी रोडवरून गाडी काढा, लकडी पूल ओलांडा आणि डेक्कनवरून प्रभात रोडच्या कुठल्याही गल्लीत वळा. ऊन तेच असतं, शहरही तेच असतं, पण हेल्मेटच्या आत जरा बरं वाटायला लागतं. दोन्ही बाजूंच्या कंपाउंडमधून आंबा, बकुळ, सोनचाफा रस्त्यावर वाकलेले असतात. एखादा डिलिव्हरीवाला गाडी स्टँडला लावून त्याच सावलीत पुढच्या ऑर्डरची वाट बघत असतो.

या गल्ल्यांचे रील्स तुम्ही पाहिले असतील. "जुनं पुणं", "रिटायरमेंट गोल्स" वगैरे. खाली एक कमेंट हमखास असते, "आता दोन वर्षांत हेही जाणार." ती कमेंट करणारा अगदीच चुकीचा नाही. पण हे का होतंय, हे समजून घ्यायचं असेल तर आधी ही झाडी आली कुठून ते बघावं लागेल.

पुणं नदीपलीकडे का गेलं?

एकेकाळी पुणं म्हणजे पेठा. वाड्याला वाडा चिकटलेला, मध्ये बोळ, आत चौक. मुठेच्या पलीकडे भांबुर्डा आणि एरंडवणे ही गावं. त्यातल्या भांबुर्ड्याचं पुढे शिवाजीनगर झालं.

१८९६ च्या अखेरीस प्लेग पुण्यात पोहोचला. १८९७ साली घराघरांत झालेल्या झडत्या आणि त्यातून चाफेकर बंधूंनी केलेला रँडचा वध आपण शाळेत शिकलो. पण साथ तिथे संपली नाही. पुढची कित्येक वर्षं ती येत राहिली. साथ आली की लोक गाव सोडून बाहेर मोकळ्यावर झोपड्या बांधून राहायचे. दाट वस्तीत राहणं जिवावर बेतू शकतं, हे एका पिढीनं असं प्रत्यक्ष अनुभवलं.

त्याच काळात नदीपलीकडे संस्था उभ्या राहत होत्या. १९०६ साली डेक्कन जिमखाना सुरू झाला, १९१७ साली भांडारकर संस्था आली, १९२४ साली लॉ कॉलेज. १९३३ साली 'प्रभात' कंपनी कोल्हापूरहून पुण्यात आली आणि रस्त्याला कायमचं नाव मिळालं. त्याच स्टुडिओच्या जागेवर आज एफटीआयआय आहे. संस्थांच्या आजूबाजूला प्राध्यापक, वकील, डॉक्टर यांचे बंगले उभे राहायला लागले.

याचं विलायतेशी काय कनेक्शन?

१८९८ साली एबेनेझर हॉवर्ड नावाच्या इंग्रज माणसानं एक पुस्तक लिहिलं. लंडनसारखी शहरं माणसाला गुदमरवतात आणि खेड्यात काम मिळत नाही, तेव्हा दोन्हींचं चांगलं घेऊन 'उद्याननगर' वसवा, असं त्याचं म्हणणं होतं. १९०३ साली लेचवर्थ हे असं पहिलं गाव वसायला लागलं. १९०७ साली लंडनजवळ हॅम्पस्टेड हे 'उद्यान उपनगर' सुरू झालं.

प्रभात रोड कुणी हॉवर्डचं पुस्तक समोर ठेवून आखला, असं नाही. पण मोकळी हवा, आखीव रस्ते आणि घराभोवती बाग, हा विचार त्या काळी हवेतच होता. मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचना कायदा झाला. त्याची कल्पना सोपी होती. वेड्यावाकड्या शेतजमिनी एकत्र धरायच्या, त्यातून रस्ते काढायचे आणि उरलेल्या जमिनीचे चौकोनी प्लॉट करून मालकांना परत द्यायचे. डेक्कन, शिवाजीनगर भागातल्या जुन्या कागदांवर आजही 'फायनल प्लॉट नंबर' लिहिलेला दिसतो, तो याच कायद्यातला शब्द.

शांतता तयार कशी होते?

समजा, प्लॉट ५,००० चौरस फुटांचा आहे. त्यावर १,५०० चौरस फूट जागा व्यापणारा एकमजली बंगला आहे, म्हणजे तळमजला आणि वर एक मजला. उरली ३,५०० चौरस फूट उघडी माती. त्या मातीत फणस, नारळ, आंबा लावला गेला. पावसाचं पाणी तिथेच मुरलं. घरात माणसं पाच-सहा आणि फार तर एक गाडी. अशी वीस घरं एका छोट्या गल्लीत असली की गल्ली आपोआप शांत राहते. कमी माणसं, कमी गाड्या आणि भरपूर माती, एवढंच त्यामागचं गणित.

मग बिघडलं कुठे?

एफएसआय हा शब्द तुम्ही ऐकला असेल. प्लॉटच्या आकाराच्या किती पट बांधकाम करता येतं, त्याचा हा आकडा. वरच्या बंगल्यात दोन्ही मजले मिळून ३,००० चौरस फूट बांधकाम आहे, म्हणजे एफएसआय ०.६. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात नवी एकत्रित बांधकाम नियमावली आली. त्यात रस्त्याच्या रुंदीनुसार पैसे भरून जादा एफएसआय घेता येतो, वर टीडीआर चढवता येतो. एकूण आकडा २ धरला तर त्याच प्लॉटवर १०,००० चौरस फूट बांधता येतं. म्हणजे मालक आजवर ७,००० चौरस फुटांवर नुसता झोपलेला होता!

त्या जागी दहा फ्लॅट आले की किमान दहा गाड्या आल्या. त्यांच्यासाठी पार्किंग किंवा बेसमेंट आलं, फायर ब्रिगेडच्या गाडीला वळायला जागा आली. माती गेली ती इथे. कुंडीत पाम लावता येतो, फणस नाही.

पण मालकाला खलनायक ठरवणंही सोपं नाही. आजी-आजोबा ऐंशीच्या पुढे, मुलं बंगळुरूला नाहीतर अमेरिकेत. छत गळतंय, रात्री भीती वाटते, आणि बंगल्यात चार भावंडांचे हिस्से. भिंती वाटता येत नाहीत, फ्लॅट वाटता येतात. लिफ्ट असलेलं, वॉचमन असलेलं घर त्यांनाही हवंच असतं.

झाडं कायद्यानं वाचत नाहीत का?

महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी भागातल्या झाडांसाठी कायदा आहे. स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, झाडावर नोटीस लावली जाते आणि नागरिकांना हरकत घेता येते. २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला 'हेरिटेज' मानलं. झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची, असंही त्यात आहे.

अडचण अशी की साठ वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात साठ रोपं लागली, तरी ती या गल्लीत लागतील असं नाही. आणि लागली तरी सावली पडायला वीस वर्षं.

ही सगळी श्रीमंतांची गोष्ट आहे का?

काही अंशी, हो. प्लेगनंतर नदीपलीकडे प्लॉट घेणं सगळ्यांना परवडणारं नव्हतं. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले आणि नव्या वसाहती झाल्या. गोखलेनगर, सहकारनगर भागात साध्या माणसांनी घरं बांधली आणि दारात झाडं लावली. झाडीला बंगला लागतोच असं नाही, थोडी उघडी माती लागते.

नुसतं नाव हिरवं असूनही भागत नाही. वडाच्या झाडांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोरेगाव पार्कचं तापमान गेल्या काही उन्हाळ्यांत अनेकदा शिवाजीनगरपेक्षा जास्त नोंदवलं गेलं. एका केंद्राचा आकडा म्हणजे अख्खा परिसर नव्हे, पण 'आमच्याकडे थंड असतं' हे गृहीत धरण्याचे दिवस गेले.

आपण काय करू शकतो?

तुमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असेल, तर २०१९ च्या सरकारी नियमांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती लागते. कार्पेट एरिया आणि भाड्याचे प्रश्न त्या मीटिंगमध्ये सगळेच विचारतात. आणखी तीन प्रश्न विचारा. नकाशा बनवण्याआधी झाडं मोजली का? बेसमेंट कंपाउंडपर्यंत न नेता एका बाजूला मातीची पट्टी ठेवता येईल का? रस्त्याकडेची झाडं वाचतील असा जिना आणि रॅम्प फिरवता येईल का? हे प्रश्न करारावर सही होण्याआधी विचारले तर आर्किटेक्टकडे उत्तर असतं. नंतर फक्त करवत असते.

आणि तुम्ही त्या गल्लीत राहत नसलात, तरी झाडावर खिळ्यानं ठोकलेला कागद दिसला तर थांबून वाचा. झाड कुणाच्या तरी अंगणातलं असतं, सावली मात्र रस्त्यावर पडते. दुपारी दोन वाजता तिथे गाडी लावणाऱ्या डिलिव्हरीवाल्याला सोसायटीच्या मीटिंगचं आमंत्रण कधीच येत नाही.