स्मरणिकेतली एक ओळ

आमच्या गावच्या हायस्कूलचा हीरक महोत्सव नुकताच थाटामाटात पार पडला. मंडप पडला, शाल-श्रीफळ झाले, पुढाऱ्यांची भाषणे झाली आणि जाडजूड स्मरणिका निघाली. स्मरणिकेत जागा देणाऱ्या मालगुजाराचा रंगीत फोटो आहे, संस्थेच्या आजवरच्या अध्यक्षांची यादी आहे, बोअरवेलसाठी देणगी देणाऱ्यांची नावे आहेत. बत्तीस वर्षे ज्यांनी या शाळेत संगीत शिकवले त्या मास्तरांबद्दल मात्र एकच ओळ आहे : ‘संगीत शिक्षकांनीही मोलाचे सहकार्य केले.’ सहकार्य! जणू मास्तर मंडप बांधायलाच आले होते.

या शाळेचा इतिहास आम्हाला स्मरणिकेतून कळलेला नाही. तो आम्ही वडिलांकडून ऐकला आणि पुढे वकिली सुरू केल्यावर जात पडताळणीच्या प्रकरणांसाठी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर चाळता चाळता वाचला. रजिस्टर खोटे बोलत नाही असे नाही, पण स्मरणिकेपेक्षा कमी बोलते!

आमचा भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा, तलावांचा आणि विडीचा जिल्हा. १९५१ साली मालगुजारी गेली, मालगुजाराचा वाडा मात्र राहिला. १९५४ च्या पोटनिवडणुकीत खुद्द बाबासाहेब इथे उभे होते आणि सुमारे आठ हजार मतांनी पडले. आमचे आजोबा त्यांच्या सभेला पायी गेले होते. १९५६ ला नागपूरच्या दीक्षेलाही गेले. पुढे १९५८ साली मनोहरभाई पटेलांनी गोंदिया शिक्षण संस्था काढली (गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, १९९९ ला वेगळे झाले) आणि खेड्यापाड्यांत हायस्कूल काढण्याची हवा सुरू झाली. आमच्या गावानेही त्या हवेत, साठच्या दशकाच्या सुरुवातीला, आपली वेगळी संस्था करून हायस्कूल काढले. पहिले वर्ग वाड्याच्या गोठ्यात भरले. गोठ्यातच भरले म्हणून आमच्या वस्तीची पोरे आत जाऊ शकली. ओसरीवर भरले असते तर काय झाले असते, हे आमचे वडील कधी स्पष्ट बोलले नाहीत. फक्त हसायचे. रजिस्टरात पहिल्या वर्षी आमच्या वस्तीची चार नावे आहेत. जातीच्या रकान्यात एकापुढे ‘बौद्ध’ आणि तिघांपुढे ‘महार’ लिहिले आहे. त्या तिघांच्या बापांनी धम्म सोडला नव्हता. सवलत बुडेल या भीतीने जुना शब्द राहू दिला होता. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या त्या १९९० साली!

तीन-चार वर्षांनी मास्तर आले. झाडीपट्टीच्या नाटकांत ते ऑर्गन वाजवायचे. दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू झाले की रात्रभर नाटकात आणि सकाळी प्रार्थनेला पेटीवर! डोळे लालबुंद, पण सूर हलायचा नाही. आम्ही शाळेत गेलो तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते, तरीही हिवाळ्यातला हा क्रम सुटला नव्हता.

मास्तरांनी पहिल्याच वर्षी तबल्यासाठी आमच्या वडिलांना निवडले आणि वाद पेटला. तो वाड्यात नव्हे, आमच्या घरात. आजोबा दीक्षा घेण्यापूर्वी डफडे वाजवायचे. कुणाचे लग्न असो की मयत, बोलावणे आले की जायचे. उष्टे मिळायचे, दाणे मिळायचे, शिव्याही मिळायच्या. नागपूरहून परतल्यावर त्यांनी डफडे कायमचे टाकून दिले. त्या काळात कित्येक वस्त्यांनी हेच केले. आणि आता हायस्कूलला गेलेला पोरगा पुन्हा कातड्यावर थाप मारणार? आजोबा तडक शाळेत गेले.

‘‘गुरुजी, आम्ही डफडं सोडलं न् तुम्ही माह्या पोराले तबला देता का जी?’’

वडील सांगायचे, मास्तरांनी वाद घातला नाही. वही उघडून दाखवली. तीनताल, सोळा मात्रा, खाली बोल, त्याखाली टाळी-खालीच्या खुणा. आजोबांना वाचता येत नव्हते, पण लिहिलेले आहे हे दिसत होते. मग मास्तर म्हणाले, ‘‘बावाजी, डफड्याले बोलावणं येते. तबल्याची परीक्षा असते.’’

आजोबा परत आले आणि त्यांनी वडिलांना वहीसाठी पैसे दिले.

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे. आपल्याकडे संगीत एकीकडे घराण्यांच्या आणि दुसरीकडे जातीच्या मुठीत होते. देवळात गाणारा वेगळा, वेशीवर वाजवणारा वेगळा. तबल्याचे कातडे कमावणारा तर बैठकीच्या बाहेरच. बडोद्याला उस्ताद मौलाबक्ष यांनी १८८६ साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने गायनशाळा सुरू केली आणि स्वर-ताल लिपीत मांडून वर्गात शिकवले. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९३१ साली गांधर्व महाविद्यालय मंडळ निघाले, मग त्याच्या परीक्षा आल्या. यातले कुणी जातिअंतासाठी निघाले होते असा आमचा दावा नाही. पण लिहिलेली विद्या एकदा वहीत आली की ती कुणाच्याही पोराच्या दप्तरात जाऊ शकते. मास्तरांनी हे ओळखले होते.

अर्थात शाळेत प्रवेश मिळाला म्हणजे सगळे मिळाले असे नसते. उमरेडच्या जाईबाई चौधरी नागपूर-कामठी दरम्यान ओझी वाहत. मिशनच्या शाळेत त्या मास्तरीण झाल्या तर सवर्णांनी आपली मुले काढून घेतली. त्यांनी १९२२ साली नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळाच उभी केली. आमच्या मास्तरांना शाळा काढायची नव्हती. त्यांनी फक्त शाळेची पेटी वस्तीत आणली. १४ एप्रिलपूर्वी आठ दिवस ते संध्याकाळी विहारात बसायचे आणि वामनदादा कर्डकांची गाणी पोरींकडून बसवून घ्यायचे. स्वतः वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले होते, हे ते दरवर्षी न चुकता सांगत. आम्ही आठवीत असताना संस्थेने त्यांना लेखी खुलासा मागितला : शाळेची मालमत्ता परवानगीविना बाहेर का नेली? मास्तरांनी पुढच्या वर्षी स्वतःची पेटी आणली. ती घरून सायकलला बांधून आणायचे.

ते निवृत्त झाले आणि पद गेले. आज शाळेत संगीताचा तास वेळापत्रकात आहे, त्या तासाला गणित शिकवतात. आम्ही माहितीच्या अधिकारात विचारले तर संगीत शिक्षकाच्या रकान्यात उत्तर आले, ‘निरंक’. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची सांगते की सहावी ते आठवीत शंभरहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवा. आमच्या शाळेत शंभराहून अधिक आहेत. आम्ही मोजली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर कला आणि इतर विषयांत भिंत नको म्हणते. भिंत पाडायला आधी दुसऱ्या बाजूला कुणीतरी असावे लागते! पैसेवाल्यांची पोरे भंडाऱ्याला, नागपूरला क्लास लावतात. विडी वळणाऱ्या बाईच्या पोरीने कुठे जावे?

स्मरणिका वाचून आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलो. माणूस भला. त्यांनी कपाट उघडून दिले. पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता, डग्ग्याची पुडी फाटली होती, पण खाली वह्यांचा गठ्ठा शाबूत होता. सर्वांत तळाच्या वहीवर आमच्या वडिलांचे नाव होते, मास्तरांच्या अक्षरात. वही आम्ही मागितली नाही. शाळेची मालमत्ता आहे. तबला-डग्गा मात्र रीतसर अर्ज देऊन, पोच घेऊन नागपूरला पुडी बदलायला नेला आहे. निदेशकाच्या नेमणुकीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडे निवेदनही दिले आहे. त्यावर एकशे बारा पालकांच्या सह्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक आमच्या वस्तीबाहेरच्या आहेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढचा कागद न्यायालयात जाईल, तो आम्ही तयार ठेवला आहे.